तीन दिवसांचा शिधा

सूप. पास्ता. तांदळाची पिशवी. टोमॅटोचा सॉस. बीन्सचे डबे, भाज्यांचा एक, फळांचा एक, माशाचा नाहीतर मांसाचा एक. न्याहारीला कॉर्नफ्लेक्ससारखं काहीतरी. चहा, बिस्किटं, महिनोन्महिने न नासणारं खोक्यातलं दूध. ब्रिटनमधल्या फूडबँकेत एका माणसाला तीन दिवस पुरावा म्हणून जो शिधा देतात, त्याची यादी साधारण अशी असते. आहारतज्ज्ञांनी बघून दिलेली यादी आहे, तिच्यात खोट काढता येत नाही. काही ठिकाणी आता अंडी मिळतात, कांदे-बटाटे मिळतात. पण मूळ यादी वाचताना लक्षात येतं की तिच्यात ज्याला वास येईल असं काही नाही. कोथिंबिरीची काडी नाही, लिंबू नाही, तव्यावरून उतरलेलं काही नाही. सगळं अन्न थांबू शकणारं, फळीवर वर्ष-दोन वर्षं गुमान बसणारं. थांबता येत नाही ते घेऊन जाणाऱ्याला.

शोक करायचा तर कोणीतरी गेलेलं असावं लागतं, आणि इथे तर सगळे हयात आहेत. हातात कागद घेऊन बसलेली बाई, तिच्या मांडीवरचं पोर, डबे मोजणारे निवृत्त मास्तर. गेलं आहे ते या देशाने स्वतःलाच दिलेलं एक वचन. त्याचा जन्म 5 जुलै 1948 चा. मृत्यूची तारीख कुठे नोंदलेली नाही, म्हणून तेरावंही कोणी घातलं नाही.

सॉल्सबरी हे दक्षिण इंग्लंडातलं देखणं गाव. तिथल्या कॅथीड्रलचा कळस 123 मीटर, देशात सगळ्यात उंच. त्याच कॅथीड्रलमध्ये मॅग्ना कार्टा ठेवलेला आहे, 1215 सालच्या ज्या चार प्रती उरल्या त्यांतली एक. राजालाही कायद्याखाली आणणारी ती सनद बघायला जगभरातून माणसं येतात. याच गावात पॅडी आणि कॅरल हेंडरसन हे जोडपं राहायचं. बल्गेरियात, सोफियाच्या रेल्वे स्टेशनवर झोपणाऱ्या मुलांसाठी ते काम करत. कॅरलच्या आईने मागे ठेवलेल्या पैशांतून 1997 मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली आणि तिला आईचं आडनाव दिलं, ट्रसल. 2000 साली त्यांना एका बाईचा फोन आला. बाई सॉल्सबरीचीच. माझी मुलं आज रात्री उपाशी झोपणार आहेत, त्याचं तुम्ही काय करणार, असं तिने विचारलं. पॅडींनी घरामागच्या शेडमध्ये डबे साठवायला सुरुवात केली, आणि त्यातूनच ट्रसलच्या फूडबँका उभ्या राहिल्या.

त्या फोनचा मी पुष्कळदा विचार करते. दूरच्या देशातल्या मुलांसाठी पैसे गोळा करणाऱ्या माणसाचा नंबर शोधायचा, तो फिरवायचा, आणि पलीकडून आवाज आला की ते वाक्य उच्चारायचं. तिच्या आवाजात राग होता की रडू, कोण जाणे. मला तो राग असावासा वाटतो. कारण पुढच्या पंचवीस वर्षांत या सगळ्या प्रकारात रागाला फारशी जागा उरली नाही. आभार मात्र भरपूर मानले गेले.

आकडे एका दमात सांगून टाकते. 2008-09 मध्ये ट्रसलच्या फूडबँकांनी साधारण 26 हजार जणांना शिधा दिला. 2012-13 मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास. करोनाच्या वर्षी 25 लाख पाकिटं. 2023-24 मध्ये 31 लाखांवर, त्यांतली 11 लाखांहून जास्त मुलांसाठी. म्हणजे रात्रंदिवस धरून दर दहा सेकंदांना एक. ही गणती पाकिटांची आहे, वेगवेगळ्या माणसांची नाही. तोच माणूस वर्षात पुन्हा येतो. आकडा सांगताना हे सांगायलाच हवं, नाहीतर ज्यांना मुळात ऐकायचंच नसतं त्यांना सटकायला फट मिळते. आणि हा हिशेब एकाच संस्थेचा. तिच्याबाहेर देवळांच्या, मशिदींच्या, वस्त्यांच्या स्वतंत्र फूडबँका शेकड्यांनी आहेत.

दुष्काळ पडला नव्हता. पाऊस वेळेवर, गहू पिकलेला, सुपरमार्केटं डोळे दिपवणारी. हा देश वर्षाला साधारण एक कोटी टन अन्न फेकून देतो. भूक आली ती कागदावरून आली. 2010 नंतर सरकारने काटकसरीचा सपाटा लावला. 2012 मध्ये कल्याणकारी मदतीचा नवा कायदा झाला, आणि पुढच्या वर्षी ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ सुरू झालं: सहा वेगवेगळ्या मदती एकत्र करून महिन्याला एक रक्कम. कल्पना वाईट नव्हती. पण अर्ज केल्यापासून पहिली रक्कम हातात पडायला पाच आठवडे लागतात. घरात काही शिल्लक नाही म्हणून माणूस अर्ज करतो, आणि त्याला सांगितलं जातं की पाच आठवडे कळ काढा. उचल मिळते, पण ती पुढच्या महिन्यांतून कापून घेतात. म्हणजे मदतीची सुरुवातच कर्जाने होते. ठरलेल्या वेळी कचेरीत हजर झाला नाहीत तर दंड म्हणून रक्कम थांबते. बस चुकली असेल, पोर आजारी असेल, पत्र दुसऱ्याच पत्त्यावर गेलं असेल. 2017 च्या एप्रिलनंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाच्या वाट्याचे पैसे बंद झाले. ती अट काढून टाकण्याची घोषणा व्हायला 2025 चा अर्थसंकल्प उजाडावा लागला. तोपर्यंत ती पहिली तिसरी मुलं साडेआठ वर्षांची झाली होती. करोनात आठवड्याला 20 पौंड वाढवून दिले होते, ते 2021 च्या ऑक्टोबरात काढून घेतले, नेमके थंडीच्या तोंडावर.

फूडबँकेत सहसा नुसतं जाऊन उभं राहता येत नाही. आधी कोणीतरी तुम्हाला गरजू ठरवावं लागतं: डॉक्टर, शाळा, समाजसेविका, सल्ला केंद्रातला माणूस. तो चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर घरात माणसं किती, मुलं किती, आणि अडचण कशामुळे आली, याच्या चौकटी. आमच्या फूडबँकेत एकाच चौकटीत खूण करायची असते. नवरा गेला, घरमालकाने भाडं वाढवलं, कामाचे तास कमी झाले, दात दुखतो आहे आणि शाळेला सुट्टी लागली, असं सगळं एकाच आठवड्यात घडलेलं असतं. खूण एका चौकटीत. मग चर्चच्या हॉलमध्ये टेबलाशी बसवतात, चहा देतात. पलीकडे फळ्यांवर डबे लावलेले, संपण्याच्या तारखेप्रमाणे, जुनी तारीख पुढे. आलेली प्रत्येक पिशवी आधी काट्यावर जाते, कारण हिशेब किलोंत ठेवतात. इथल्या माणसांची दया अगदी शिस्तीची आहे. थट्टा करत नाही; मीही त्या फळ्यांशी उभी राहते, आणि मलाही डब्याचं तोंड पुढे करून लावायची सवय लागली आहे.

मग प्रश्न येतात. हळू आवाजात, कारण शेजारच्या टेबलाला ऐकू जातं. डबा उघडायला ओपनर आहे का घरी? शेगडी आहे? मीटरमध्ये पैसे आहेत? बऱ्याच गरीब घरांत वीज आणि गॅस आधी पैसे भरले तरच चालतात. संपले की घर गार. अशांसाठी ‘किटली पाकीट’ असतं: नुसतं गरम पाणी ओतून होईल असं, कपातलं सूप, झटपट नूडल्स. आणि ज्यांच्याकडे किटलीही नाही त्यांच्यासाठी पाणीसुद्धा तापवावं लागणार नाही असं पाकीट. भुकेच्याही पायऱ्या असतात हे आपल्याला माहीत असतं. त्या इतक्या बारकाईने कोणी रचून ठेवलेल्या बघितल्या नव्हत्या. 2022 च्या मार्चमध्ये आइसलँड या सुपरमार्केटच्या प्रमुखाने रेडिओवर सांगितलं की फूडबँकेत येणारे काही लोक बटाटे नको म्हणतात, कारण ते उकडायला लागणारा गॅस परवडत नाही. बटाटा! गरिबाचं म्हणून जगभर जे ओळखलं जातं, त्याच्यासाठीही आता ऐपत लागू लागली.

केन लोचचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ 2016 साली आला आणि कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला. त्यातली तरुण आई न्यूकॅसलच्या फूडबँकेत, फळ्यांमधल्या बोळात उभी असताना, बीन्सचा डबा फोडते आणि तिथेच हाताने खायला लागते. मग भानावर येते. तिला लाज वाटते ती उपाशी असल्याची नाही, कोणी बघितल्याची. तो प्रसंग न्यूकॅसलच्या वेस्ट एंड भागातल्या खऱ्या फूडबँकेत चित्रित झाला आहे, आणि तिच्याभोवती दिसणाऱ्यांत तिथले खरे स्वयंसेवक आहेत. दोन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन न्यूकॅसलला आले, फूडबँकेत बसून लोकांशी बोलले. जगातल्या पाचव्या मोठ्या अर्थव्यवस्थेत. त्यांचा अहवाल सरकारला आवडला नाही.

न्यूकॅसलपासून टाइन नदीने थोडं खाली गेलं की दक्षिण काठावर जॅरो आहे. 1930 च्या दशकात तिथली गोदी बंद पडली आणि गावच रिकामं झालं. 5 ऑक्टोबर 1936 ला तिथून 200 माणसं लंडनला चालत निघाली. ओकच्या लाकडाची पेटी, तिच्यात सह्यांचा अर्ज. सोबत त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन, छोट्या चणीच्या, लाल केसांच्या. सगळी वाट नाही, पण बरीच वाट त्या चालल्या. अर्ज अन्नासाठी नव्हता, कामासाठी होता. महिनाअखेर ते पावसात लंडनला पोचले. काही पदरात पडलं नाही. परत घरी गेले तर कळलं की बेकारभत्ता कापलेला आहे, कारण चालत होते त्या दिवसांत ते कामासाठी उपलब्ध नव्हते. बस चुकली म्हणून रक्कम थांबलेल्या माणसाची चिठ्ठी मी हातात घेते तेव्हा मला जॅरोचे ते 200 आठवतात. कारकून बदलले, फॉर्म बदलले. त्या वाक्याचं व्याकरण तेच आहे.

त्याही मागे जायचं तर सॉल्सबरीपासून तीसेक किलोमीटरवर अँडोव्हर लागतं. 1834 च्या गरीब कायद्याने ठरवलं होतं की मदत हवी तर अनाथगृहासारख्या कामघरात येऊन राहायचं, आणि आतलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायचं, म्हणजे कोणी उगाच येणार नाही. अँडोव्हरच्या कामघरात खतासाठी जनावरांची हाडं कुटायचं काम होतं. 1845 साली उघड झालं की आतली माणसं त्या हाडांना चिकटलेलं कुजकं मांस आणि आतला मगज चाटूनपुसून खात होती, त्यासाठी भांडत होती. चौकशी झाली, वर्तमानपत्रं पेटली, गरीब कायद्याचं आयुक्तालयच दोन वर्षांत मोडीत निघालं. कायदा मात्र राहिला, आणखी शंभर वर्षं.

या देशात भुकेचं मोजमाप करणारीही माणसं झाली. सीबोम राउंट्री हा चॉकलेटवाल्या राउंट्रींचा मुलगा. त्याने यॉर्क शहरात घरोघर पाहणी करून 1901 मध्ये पुस्तक काढलं. नुसतं शरीर चालू राहील इतकाच खर्च धरला, आणि तेवढंही न परवडणारे व ज्यांच्या घरात उघड हालाखी दिसली ते मिळून शहरातले 27.84 टक्के लोक गरीब निघाले. त्या हिशेबात बसचं भाडं नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं, दूर गेलेल्या मुलांना पत्र पाठवायला पोस्टाचं तिकीट नव्हतं. हे त्याने स्वतःच लिहिलं आहे, वाचणाऱ्याला लाज वाटावी अशा बेताने. आणि त्याच्या पाव शतक आधी आपल्या दादाभाई नौरोजींनी तेच ताटापासून सुरू केलं होतं. तुरुंगातल्या कैद्याला काय खायला घालतात त्याचा खर्च काढला आणि दाखवलं की हिंदुस्थानातल्या मोकळ्या माणसाचं उत्पन्न तेवढंही नाही. पुढे 1892 मध्ये लंडनच्या फिन्सबरीने त्यांना पार्लमेंटात पाठवलं. फिन्सबरीच्या मतदारांना आपल्याच गल्लीतली ताटं तेव्हा कशी होती ते ठाऊक असणार, एरवी त्या म्हाताऱ्या पारशाचं गणित त्यांना कळलं नसतं.

मग महायुद्ध. 1940 च्या जानेवारीपासून रेशन, आणि ते सगळ्यांना, राजाच्या नावाचंही रेशनकार्ड होतं. मोजून-मापून, नीरस, पण सगळ्यांना सारखं. बाँब पडत असताना विल्यम बेव्हरिज यांनी अहवाल लिहिला, 1942 मध्ये, आणि देशाच्या वाटेतल्या पाच राक्षसांत पहिला लिहिला अभाव. लोकांनी सरकारी अहवाल विकत घ्यायला रांगा लावल्या. असं पुन्हा कुठे झालेलं मी ऐकलेलं नाही. लढाई संपली. एलन विल्किन्सन शिक्षणमंत्री झाल्या, शाळेतल्या मुलांना फुकट दूध देण्याचा कायदा 1946 मध्ये आला. पुढच्या फेब्रुवारीत त्या वारल्या. आणि 5 जुलै 1948 ला, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली त्याच दिवशी, राष्ट्रीय साहाय्य कायदाही अमलात आला. त्याने पहिल्याच कलमात जुन्या गरीब कायद्याचा अंमल संपवला. तीनशे-चारशे वर्षांची नामुष्की एका कलमात. यापुढे पोटासाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, कचेरीत जायचं आणि आपलं आहे ते घ्यायचं.

त्या वचनातही उणिवा होत्याच. चौकश्या होत्या, कमी पडणारी रक्कम होती. पण पाद्रीबाबा, शेजारीण, सुपरमार्केटच्या दारातली टोपली, यांच्यावर कोणाचा रात्रीचा घास अवलंबून असू नये, एवढं त्या दिवशी ठरलं होतं. पन्नासेक वर्षं ते बहुतांशी टिकलं. सॉल्सबरीच्या त्या बाईने फोन केला तेव्हा हेंडरसन पतिपत्नींना धक्का बसला, याचं कारण ते वचन अजून जिवंत आहे असं त्यांना वाटत होतं. आज कोणाला धक्का बसत नाही. परिचारिकांसाठी इस्पितळातच फूडबँक निघते, शिक्षिका कपाटात बिस्किटं ठेवते, आणि ते ऐकून आपण हळहळतो आणि टोपलीत एक डबा जास्त टाकतो.

आपल्याकडे वार लावून जेवायची पद्धत होती. गरिबाचा मुलगा शिकायला पुण्यासारख्या गावात यायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. फूडबँकेच्या दारावर ‘मंगळवार व शुक्रवार’ लिहिलेलं दिसतं तेव्हा मला तो पोरगा आठवतो. वाढणाऱ्या बायका वाईट नव्हत्या, बहुतेक मायाळूच होत्या. तरी मोठेपणी लिहिताना त्या पोरांना आमटी कुठे पातळ होती ते आठवतं, आणि कोणत्या घरी पाट जरा बाजूला मांडला जायचा ते. आणि त्यांना निदान पाट तरी होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला भाकरीचा तुकडा मिळायचा तो वरून टाकलेला. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं की शिळ्या तुकड्यांवरचं हे जिणं सोडा. उपाशी लोकांना अन्न नाकारायला सांगणारा तो माणूस स्वतः भूक ओळखत होता. तीही याच देशातली. लंडनला शिकत असताना घरमालकिणीने दिलेल्या पावाच्या तुकड्यावर आणि चहावर दिवस काढायचा, ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचायचं, रात्री ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात ते 1921-22 च्या सुमारास राहिले, ते आता महाराष्ट्र सरकारने घेतलं आहे, तिथे स्मारक आहे. मी गेले होते. वरच्या मजल्यावर उभं राहिलं की वाटतं, फूडबँक असती तर ते गेले असते का? आणि चिठ्ठीवरच्या कोणत्या चौकटीत खूण केली असती?

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी खाल्ली, अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला, नाक मुरडत खाल्ला. पण माणसं मोर्च्यात उतरली ती काम मागायला, जॅरोच्या माणसांसारखीच, आणि आपल्याकडे त्यातून रोजगार हमी आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. ज्या 2013 साली ब्रिटनने युनिव्हर्सल क्रेडिट आणलं, त्याच वर्षी भारताने अन्न सुरक्षा कायदा केला आणि धान्य हा हक्क म्हणून लिहून दिला. याने छाती फुगवायचं कारण नाही. मेळघाटातली पोरं अजून कुपोषणाने जातात, आणि अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून म्हातारीला रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतावं लागतं. पण ती म्हातारी दुकानदाराशी भांडू शकते. ‘माझं धान्य’ म्हणते ती. चर्चच्या हॉलमध्ये आलेल्या माणसाला ‘माझे बीन्स’ म्हणता येत नाही. नको असलेली चव परत करताना तो आधी माफी मागतो.

लंडनमधल्या साउथॉलचा गुरुद्वारा 2003 मध्ये उघडला, सोनेरी घुमटाचा. तिथल्या लंगरमध्ये कोणी चिठ्ठी मागत नाही. घरात किती माणसं, का आलात, काही नाही. डोकं झाका, चपला काढा, पंगतीत बसा. बेघर माणसाशेजारी दुकानाचा मालक बसलेला असतो आणि दोघांच्या थाळीत तीच डाळ. तिथे जेवताना मला वाटत आलं आहे की दयेची खरी परीक्षा हीच असावी, देणाराही त्याच पंगतीत बसून तेच खातो का. आमच्या हॉलमध्ये आम्ही चहा पितो, पण पाकिटातलं आम्ही खात नाही.

तरी राग धरायचा कोणावर? स्वयंसेवकांवर नाही. शरद ऋतूत चर्चमध्ये सुगीचा सण होतो, पूर्वी शेतकरी भोपळे आणि गव्हाच्या पेंढ्या आणून ठेवायचे, आता शाळेतली मुलं एकेक डबा आणतात आणि ते थेट आमच्याकडे येतात. लिव्हरपूलमध्ये फुटबॉल सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर जांभळ्या रंगाची गाडी उभी असते. लाल आणि निळा मिळून जांभळा: एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन क्लबांच्या चाहत्यांनी 2015 पासून एकत्र येऊन डबे गोळा करायला सुरुवात केली. मँचेस्टरचा मार्कस रॅशफोर्ड, आईला अनेक नोकऱ्या करताना बघत मोठा झालेला, त्याने 2020 च्या जूनमध्ये पत्र लिहिलं आणि सुट्टीतही मुलांना जेवणाचे पैसे मिळावेत म्हणून सरकारला निर्णय फिरवायला लावला. बावीस वर्षांचा फुटबॉलपटू. त्याच्या पत्रात तरी तो राग होता.

आणि खासदार? 2017 मध्ये जेकब रीस-मॉग म्हणाले की फूडबँकांना लोक देतात हे पाहून उभारी येते, आपला देश किती दयाळू आहे ते दिसतं. 2022 मध्ये ली अँडरसन म्हणाले की लोकांना स्वयंपाकच येत नाही, तीस पेन्सांत जेवण होऊ शकतं. दुसऱ्याचं निदान ढोबळपणाचं तरी आहे. मला भीती पहिल्याची वाटते, कारण त्यात थोडं खरं आहे. उभारी येते. शनिवारी चाकांवरचे ट्रे भरून आले की हॉलमध्ये खरोखर बरं वाटतं, कोणी तरी केक आणतं, फोटो काढले जातात. तेवढ्यापुरतं आम्ही विसरतो की हे सगळं जिथे असायला हवं होतं ती कचेरी दोन गल्ल्या पलीकडे आहे, आणि तीच आमच्याकडे माणसं पाठवते.

ट्रसलने आपलं ध्येय छापून ठेवलं आहे: फूडबँकेची गरजच उरू नये. इतर अनेक फूडबँकाही तेच म्हणतात, आमचीही म्हणते, दारावरच्या फलकावर. त्या फलकाखालीच मागच्या वेळची समितीची बैठक झाली. गोदामाच्या भाड्याचा करार संपत आला होता. नवा करार पाच वर्षांचा करायचा की दहा, यावर चर्चा झाली. एक काका म्हणाले, दहा वर्षं म्हणजे आपणच कबूल करतो की काही बदलणार नाही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग खजिनदारबाईंनी आकडे वाचून दाखवले: दहा वर्षांचा केला तर भाडं कमी पडतं, वाचलेल्या पैशांत ताजी भाजी ठेवायला मोठा फ्रीज बसवता येईल. शिवाय मालक बऱ्या स्वभावाचा आहे, छत गळतं ते तो दुरुस्त करून देतो म्हणाला आहे. हात वर झाले. काकांनीही केला, मीही केला. दहा वर्षांचा ठराव एकमताने झाला आणि मग फ्रीज कुठल्या भिंतीला लावायचा यावरून जो वाद सुरू झाला तो अंधार पडेपर्यंत चालला.